हरलेल्या डावाचा जमाखर्च

कोल्हापूर हे चढाओढीचे शहर आहे, हे सिद्ध करण्यासाठी कोणाला पुरावा द्यावा लागत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने उभे राहिलेले आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान, पेठापेठांतील तालमी, फुटबॉलच्या सामन्यांना लोटणारी गर्दी ही त्या चढाओढीची उजेडातली रूपे होत. तेथे कोण जिंकले आणि कोण हरले हे हजारो डोळे पाहतात. त्यामुळे हरलेल्याला आपली हार लपविता येत नाही आणि जिंकलेल्याला आपली जीत फुगविता येत नाही. परंतु कोणत्याही जिल्ह्याच्या गावाप्रमाणे या शहरालाही चढाओढीची एक आडोशाची बाजू आहे. बंद दाराआड मांडलेला पत्त्यांचा डाव, चिठोऱ्यावर लिहून दिलेला आकडा, हिरव्या बनातीच्या टेबलाभोवती काठी हातात धरून दबक्या आवाजात ठरविलेली पैज, असे तिचे स्वरूप. तेथे प्रेक्षक थोडे, आणि जे असतात त्यांनी पाहिलेले बाहेर बोलायचे नसते. या आडोशाला ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी आपली कहाणी लिहावी काय, आणि लिहायची झाल्यास ती खरी कशी व्हावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तसा नाही.

गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत मराठी आत्मकथनाने समाजाचे जे जे अंग झाकलेले होते ते ते उघडे करून दाखविले. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली आले आणि चित्रपटसृष्टीतील एका स्त्रीने आपले आयुष्य आडपडदा न ठेवता सांगितले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले. १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’मध्ये चोरी हेच ज्यांच्या माथी मारलेले उपजीविकेचे साधन, अशा जमातीचे जिणे मांडले. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या मातीतून वर आलेले आनंद यादव यांचे ‘झोंबी’ वाचकांच्या हाती पडले. भूक, जात, देह, चोरी, शिक्षणासाठी केलेली झटापट या सर्वांना मराठी आत्मकथनात जागा मिळाली. मात्र पैजेवर आणि पैशाच्या डावावर जगलेल्या माणसाचे, तितक्याच उंचीचे आत्मकथन कोणते, असे विचारले तर सामान्य वाचकाच्या ओठांवर चटकन नाव येत नाही. मटक्याने आणि पत्त्यांनी महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्यांचे संसार पोखरले असता ही उणीव आश्चर्यकारक आहे.

प्राचीन साक्ष

ही उणीव अधिकच जाणवते, कारण आपल्या परंपरेची सुरुवात अशी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे जुगाऱ्याच्या तोंडचे आहे. बेहड्याच्या फळांचे फासे घरंगळताना पाहून ज्याचे मन थाऱ्यावर राहत नाही असा एक माणूस तेथे आपली हकिकत सांगतो. कधी भांडली नाही अशी बायको त्याने दुरावली, सासू त्याचा द्वेष करते, आईबाप आणि भाऊ त्याची ओळख नाकारतात. पुन्हा खेळायचे नाही असा निश्चय तो करतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच त्याच वाटेने जातो. देणे झाले म्हणून रात्री भीतभीत दुसऱ्यांच्या घरांकडे वळतो. शेवटी उपदेश येतो तो फासे टाकून शेती करण्याचा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कबुलीत एकाही मोठ्या विजयाचे रसभरित वर्णन नाही. हिशेब आहे तो गमावलेल्या माणसांचा.

मराठी गद्याच्या आरंभीही हाच विषय भेटतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य ग्रंथ मानला जातो. महानुभाव परंपरेनुसार श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्यात, गुजरातेत हरिपाळदेव या नावाने ते राहत असताना, द्यूतात हार झाली आणि देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. त्या नकारातून संसाराविषयी विरक्ती उत्पन्न झाली आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्यांनी घर सोडले. पुढे जे घडले तो धर्माचा आणि भाषेचा इतिहास आहे. येथे एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, आपल्या श्रद्धास्थानाच्या आयुष्यातील द्यूताचा प्रसंग अनुयायांनी गाळला नाही. झाकून ठेवण्यापेक्षा नोंदवून ठेवणे त्यांना अधिक योग्य वाटले.

या दोन्ही साक्षींत एक समान सूत्र आहे. डाव कोठेही मांडलेला असो, त्याचा खरा निकाल घराच्या उंबरठ्याच्या आत लागतो.

दोन खेळाडूंची दोन पुस्तके

आता आजच्या काळाकडे आणि पत्त्यांकडून बनातीच्या टेबलाकडे वळावे. स्नूकरचा जन्म आपल्या देशातील आहे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या करमणुकीतून तो खेळ निघाला. त्याचा वडीलभाऊ जो बिलियर्ड, त्यात १९२२ साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ या दोन्ही वर्षी हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळवून आले. हा खेळ नजरेचा, मनगटाचा आणि संयमाचा आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या टेबलावर जोन्स यांच्यासारखे साधक घडतात, त्याच टेबलाभोवती पैशाचा दुसरा खेळही उभा राहतो. या दुसऱ्या खेळाचे आत्मकथन कसे होते याचा धडा घेण्यास अमेरिकेतील एक उदाहरण फार उपयोगी आहे.

वॉल्टर टेव्हिस या लेखकाची पूल खेळणाऱ्या पैजबहाद्दरांवरील कादंबरी १९५९ साली निघाली आणि १९६१ साली तिच्यावर ‘द हसलर’ हा चित्रपट आला. त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचे एक पात्र आहे. चित्रपट गाजताच रुडॉल्फ वाँडरोन नावाच्या एका वाक्पटू, स्थूल पूलपटूने ते पात्र आपल्यावरूनच बेतलेले असल्याचे सांगण्यास प्रारंभ केला आणि ते नावही धारण केले. हे पात्र आपल्या कल्पनेतले आहे, असे टेव्हिस सांगत राहिले. तरीही १९६६ साली वाँडरोन यांचे आत्मकथन त्याच नावाने बाजारात आले. पैसा पणाला असताना आपण कधी हरलो नाही, ही त्यांची प्रौढी लोकांना आवडली. दुसरीकडे त्याच चित्रपटाचे तंत्रसल्लागार असलेले विली मॉस्कोनी अनेकवार जागतिक विजेते ठरलेले होते. १९७८ साली दूरचित्रवाणीच्या लक्षावधी प्रेक्षकांसमोर दोघांचा सामना झाला आणि तो मॉस्कोनी यांनी जिंकला. त्यांचे आत्मकथन १९९३ साली, म्हणजे पुष्कळ उशिरा आले. तोपर्यंत सामान्य लोकांच्या स्मरणात राहिले होते ते नाव सामना हरलेल्या, पण गोष्ट रंगवून सांगणाऱ्या माणसाचे.

या प्रकरणात केवळ एका गमतीदार माणसाचा दोष पाहणे पुरेसे नाही. पैजेच्या टेबलावर कमाई करणाऱ्याची मुख्य कला आपले कौशल्य लपविण्याची असते. तो आधी मुद्दाम चुकतो, समोरच्याला दोन डाव जिंकू देतो, रक्कम वाढली की खरा हात दाखवितो. वर्षानुवर्षे खोटा चेहरा धारण करणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने लेखणी हाती घेतल्याबरोबर सत्यवादी व्हावे अशी अपेक्षा आपण करतो. वाचक हादेखील त्याच्या दृष्टीने समोर बसलेला एक गिऱ्हाईकच असतो. अशा माणसाच्या पुस्तकावर विश्वास कोठे ठेवावा आणि कोठे ठेवू नये, याला कसोटी हवी.

कसोटी आकड्यांची

ती कसोटी साध्या अंकगणितात आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या भावावर मुंबईत जो आकड्याचा सट्टा चाले, त्यातून मटका जन्मास आला. १९६२ साली कल्याणजी भगत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला, आणि गिरणगावापासून जिल्ह्याजिल्ह्यांच्या पानपट्ट्यांपर्यंत ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द पोहोचले. एका आकड्यावर रुपया लावून तो लागला तर साधारणतः नऊ रुपये मिळत. आता दहा माणसांनी शून्यापासून नवापर्यंतच्या दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला असे समजा. दहा रुपये गोळा झाले, एकाला नऊ मिळाले, एक रुपया मटकेवाल्याचा झाला. ज्या माणसाला नऊ रुपये मिळाले त्याची गोष्ट त्या रात्री गल्लीभर होते. उरलेल्या नऊ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही. शिवाय जिंकलेले पैसे पुन्हा लावले जातात. दर फेरीला दहावा हिस्सा गळत गेला तर शंभर रुपयांच्या सात फेऱ्यांनंतर सरासरीने अठ्ठेचाळीस रुपयेही उरत नाहीत. हे गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही मांडता येईल. अड्ड्यावर मात्र ते मांडण्यास बंदी असते.

पूल वा स्नूकरच्या टेबलावर कौशल्याला वाव असल्याने हिशेब निराळा दिसतो, पण तळाशी फारसा फरक नाही. एकाने मिळविलेला प्रत्येक रुपया दुसऱ्याने गमावलेला असतो, आणि टेबलाचे भाडे दोघांच्या खिशातून जाते. पत्त्यांच्या अड्ड्यावर तेच काम अड्डेवाल्याची ‘नाल’ करते. तेव्हा या आयुष्याचे आत्मकथन वाचताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : लेखकाने जिंकलेल्या रात्री जितक्या तपशिलाने सांगितल्या आहेत, तितक्याच तपशिलाने हरलेल्या रात्री सांगितल्या आहेत काय? जिंकलेल्या डावाची तारीख, जागा, रक्कम, प्रतिस्पर्ध्याचा चेहरा सारे आठवते आणि हरलेल्या डावांची मात्र ‘पुढे दिवस फिरले’ या एका वाक्यात बोळवण होते, असे असेल तर ते पुस्तक म्हणजे अड्ड्यावरच्या गप्पांची छापील आवृत्ती होय.

दुसरा प्रश्न देण्यासंबंधीचा आहे. पैजेचा करार कायद्याने शून्य असतो. १८७२ च्या करार अधिनियमाच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेच्या पैशासाठी दावा चालत नाही. न्यायालयाचा आधार नसल्याने अड्ड्यावर शब्दच सर्व काही होऊन बसतो. यातून एक चमत्कारिक नीती निर्माण होते. जुगारातील देणे हे इज्जतीचे म्हणून ते चोवीस तासांत फेडले जाते. किराणा दुकानाची उधारी, मुलांची फी आणि घरभाडे यांना मात्र थांबण्याची सवय लावली जाते. अड्ड्यावर शब्दाचा पक्का म्हणून ज्याची ख्याती असते, त्याच माणसाचा शब्द घरात कोणी खरा मानीत नाही. या दोन प्रतिष्ठा एकाच माणसात कशा नांदत होत्या, हे जो सांगू शकेल त्याचे आत्मकथन वाचनीय ठरेल.

दुसरी वही

तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी आहे ती घरच्यांच्या साक्षीची. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की स्वतः रुलेटच्या नादी लागलेला होता. १८६६ साली प्रकाशकाशी केलेल्या जाचक करारात अडकल्यामुळे त्याने ‘जुगारी’ ही कादंबरी अवघ्या सव्वीस दिवसांत, आना या तरुण लघुलेखिकेला तोंडी सांगून पुरी केली. पुढे तिच्याशीच त्याचा विवाह झाला. जुगाराच्या मोहाचे इतके अचूक चित्र रेखाटूनही त्याचा स्वतःचा मोह सुटला नाही. तो सुटण्यास १८७१ साल उजाडावे लागले. आपल्या व्यसनाचे उत्तम वर्णन करता येणे आणि त्यातून मोकळे होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. कादंबरीत सापडत नाही ते आनाच्या १८६७ सालच्या रोजनिशीत आणि नंतरच्या आठवणींत सापडते : कोणत्या दिवशी किती गेले, कर्णभूषणे केव्हा गहाण पडली, लग्नाची अंगठी केव्हा गेली, अंगावरचे कपडे केव्हा गेले. खेळणाऱ्याच्या हाती डावाची नाट्यमयता राहते. जमाखर्चाची वही बायकोच्या हाती राहते. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज ते आयुष्य पूर्ण कळत नाही.

ऋग्वेदातील ती अनाम पत्नी, अलंकार नाकारणारी कमळाइसा आणि लघुलिपीत रोजनिशी लिहिणारी आना यांना एका ओळीत उभे केले म्हणजे ध्यानात येते की, जुगाऱ्याच्या आत्मकथनाला दुसरा लेखक नेहमीच असतो. प्रश्न फक्त त्याला बोलू देण्याचा आहे. अशी पुस्तके बहुधा सांगून, दुसऱ्याच्या शब्दांकनाने तयार होतात. वाँडरोन आणि मॉस्कोनी या दोघांनीही सहलेखक घेतले होते. आपल्याकडे हंसा वाडकर यांचे आत्मकथन अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. शब्दांकन करणाराने केवळ टेबलापाशी बसलेल्या माणसाचे ऐकून न थांबता, त्याच्या संमतीने त्याच्या पत्नीचे, भावाचे, किराणा दुकानदाराचेही ऐकले, तर मराठीत एक नवेच आत्मकथन जन्मास येईल. त्यात इतरांची नावे उघड करून त्यांची बेअब्रू करण्याची गरज नाही. लेखकाने आपले पाप सांगावे. दुसऱ्याचे सांगण्याचा त्याला अधिकार नाही.

असे लिखाण तरुणांना त्याच वाटेला लावील, अशी भीती पालक आणि शिक्षक व्यक्त करतील. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. धूर्त खेळाडूच्या शौर्यकथा वाचून कोणाच्या तरी मनात काठी हाती घेण्याची ऊर्मी येणारच. तथापि मौनाने तरुण सुरक्षित राहिले आहेत असे दिसत नाही. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच वसूल करण्यास सांगितले होते. १९६९ साली महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. द्यूतावरचा १८८७ चा मुंबई इलाख्यातील कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, आणि या फटीतून कौशल्याच्या नावावर पैशाचे अनेक खेळ भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन बसले. त्यांच्या जाहिरातींत जिंकणाऱ्याचाच हसरा चेहरा असे. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. कायदा दुकान बंद करू शकतो. मनातील मोह बंद करण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. जाहिरातीने जी अर्धी गोष्ट इतकी वर्षे सांगितली, तिचे उरलेले अर्धे अंग ज्याने भोगले त्याच्याकडूनच ऐकावे लागेल. पोलिसाच्या किंवा उपदेशकाच्या तोंडून आलेले तेच शब्द तरुणांच्या कानावरून जातात.

कोल्हापूरला अशा धैर्याची परंपरा आहे. १९२५ साली बाबुराव पेंटर यांनी याच शहरात ‘सावकारी पाश’ हा चित्रपट केला. देवादिकांच्या कथा पडद्यावर रंगत असण्याच्या त्या काळात कर्जाने जमीन गमावलेला शेतकरी दाखविण्याचे धाडस येथील कलावंतांनी केले. कर्जाचा पाश सावकाराच्या वहीतून येवो की पत्त्यांच्या डावातून, गळ्याला तो सारखाच आवळतो. १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्था, शिवाजी विद्यापीठाचा मराठी विभाग, शाळाशाळांतून भाषा शिकविणारे शिक्षक यांनी मनावर घेतल्यास असे बोलणारी माणसे शोधणे आणि त्यांचे बोलणे नीट टिपून घेणे अशक्य नाही.

त्या माणसाकडून वाचकाने मागावयाचे ते फार नाही. पश्चात्तापाचे अश्रू नकोत, शिकवणीची प्रकरणे नकोत, आणि आपण कोणाकोणाला कसे बनविले याची यादी तर मुळीच नको. एका पगाराच्या दिवसाचा खरा हिशेब पुरेसा आहे : हाती किती आले, वाटेत कोठे पाय वळले, टेबलाला आणि डावाला किती गेले, रात्री घरी किती पोहोचले, आणि दार उघडणाऱ्याला काय सांगितले. या शेवटच्या रकान्यात जो खरे लिहील, त्याचे बाकीचे पुस्तक विश्वासाने वाचता येईल.